एका खोलीतली तिसरी-चौथी

माझं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर इस्त्री गरम, म्हणून डोकंही गरम, असं नवरा म्हणतो. म्हणू दे. पण बाईंनी शाळेत बोलावलं त्या दिवशी डोकं तापायला कारण होतं.

आमच्या सरकारी शाळेतले एक शिक्षक बदली होऊन गेले, पण त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग तिसरी आणि चौथी एका खोलीत. तिसरीची तोंडं या भिंतीकडे, चौथीची त्या भिंतीकडे, दोन्हीकडे एकेक फळा आणि मधे एकट्या बाई. माझी धाकटी तिसरीत, थोरला चौथीत, म्हणजे भावंडं पाठीला पाठ लावून बसलेली. धाकटीला सगळे बडबडी म्हणतात. झोपेतसुद्धा तोंड चालू असतं पोरीचं.

तर बाई सांगत होत्या की बडबडी वर्गात तोंडच उघडत नाही. पाढा विचारला तर येत नाही म्हणते, पेपर कोरा देते. असंच चाललं तर पुन्हा तिसरीतच बसवावी लागेल. वर हळूच म्हणाल्या, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. थोरला अभ्यासात मागे, हे काय लपून राहिलं होतं थोडंच?

माझ्या मस्तकात तिडीक गेली. माझी पोरं बैल नाहीत म्हटलं, उद्या येऊन बसते वर्गात, बघते काय चाललंय ते. वाटलं होतं बाई भांडतील. त्या म्हणाल्या, "या. खरंच या."

गेले. कोपऱ्यात बसले. बाई चौथीला भागाकार सांगायला वळल्या की तिसरीने धडा उतरवून काढायचा. तिसरीकडे वळल्या की चौथीत धुमाकूळ. एक ना धड भाराभर चिंध्या. थोड्याच वेळात बाईंचा घसा बसला, आणि खरं सांगते, माझा रागही बसला.

मग बाईंनी थोरल्याला उभं केलं. गणित साधं होतं, पण त्याला सुचेना. मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे बडबडीचे ओठ हलले, आणि तिने स्वतःचा हात स्वतःच्याच तोंडावर गच्च दाबून धरला. नंतर बाईंनी तिला तिच्याच वर्गाचा पाढा विचारला. येत नाही म्हणाली.

संध्याकाळी दुकानात कपड्यांच्या घड्या घालताना तिला जवळ घेऊन विचारलं. मग सगळं बाहेर आलं. एकदा दादाला विचारलेल्या गणिताचं उत्तर तिने मागून देऊन टाकलं होतं. बाई त्याला म्हणाल्या, बघ, धाकट्या बहिणीला येतं आणि तुला येत नाही. सगळा वर्ग हसला.

"दादा रडला होता आई," ती म्हणाली. "मला पण येत नसलं की त्याला कुणी हसत नाही."

माझं काळीज तुटलं. एवढीशी पोर, आणि केवढं ओझं घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. चूक माझीच, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची थोडी, पण जास्त चूक दुसरा शिक्षक न देणाऱ्यांची. थोरल्याला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही.

शिक्षण कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, मागणी वर पाठवली आहे. किती वर, देवापर्यंत? असं विचारून आले. अजूनही आठवड्याला एक खेप घालते. तोवर हातावर हात धरून कोण बसणार? आम्ही आयांनी पाळ्या लावल्या. रोज एकीने एका वर्गाजवळ बसायचं, पाढे म्हणवून घ्यायचे, वाचून घ्यायचं. जिला स्वतःला वाचता येत नाही तिने गोष्ट सांगायची. बाईंना दुसऱ्या वर्गाला शांतपणे शिकवता येऊ लागलं. पोरं सुधारली. बडबडी मात्र गप्पच.

एके दिवशी माझी पाळी होती. बाई चौथीला भागाकार घालत होत्या. थोरला मधेच उठला, दप्तर उचललं आणि सरळ तिसरीत येऊन बहिणीच्या शेजारी बसला. चौथीतली पोरं हसायला लागली. त्याचे कान लाल झाले, पण तो उठला नाही.

"बाई, मला पाढेच येत नाहीत, तर भागाकार कुठून येणार?" तो म्हणाला. "मी इथं बसून पहिल्यापासून शिकतो. हिला तिकडचं विचारा. हिला येतं. घरी झोपेतसुद्धा पाढे म्हणते. इथं माझ्यामुळे बोलत नाही ती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बाईंनी विचारलं, शहाण्णव भागिले आठ किती?

बडबडीने दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांग की. मला पण कळू दे."

"बारा," ती पुटपुटली.

"मोठ्याने बोल," तो म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

ती उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली. मग कसे बारा, तेही त्याला बोटांवर मोजून सांगायला लागली, आणि तास संपला तरी तिचं सांगणं संपेना.