मधली खुर्ची

रविवारी सकाळी स्लाऊच्या घरात श्यामला पोहे वाढत होती. तिच्या नवऱ्याच्या, शशिधरच्या, टीममधले पुष्कर आणि अजय जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तिसरी बशी सासूबाईंनी तिच्या हातात देऊन हळूच सांगितलं, "त्या पावऱ्यांच्या पोरीला मागे काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत दे. माझा देव्हारा आहे इथे."

"आई, इंग्लंडमध्ये कोण असलं पाळतं?"

"इंग्लंड दाराबाहेर."

श्यामला बशी घेऊन मागे गेली. त्याच टीममधल्या अक्षया पावराने बशी घेतली आणि त्या रिकाम्या खोलीवर नजर फिरवली. "मीटिंगला तरी आत घेणार ना, वहिनी?"

श्यामला चहा टाकायला आत वळली.

सौर आणि पवन विजेचं देशव्यापी जाळं भारतात उभं राहत होतं. त्यातला सातपुड्याचा टप्पा शशिधरची कंपनी आखत होती. तिथल्या ग्रामसभेची अट एकच होती: लाईन कुठून न्यायची हे ठरवणारा प्रमुख आदिवासीच हवा. म्हणून धडगावकडची इंजिनिअर अक्षया प्रमुख झाली होती, नावापुरती. नकाशा शशिधरने परस्पर पाठवला होता. आज तिने ग्रामसभेपुढे फक्त होकार द्यायचा होता.

त्याने तिला आत बोलावून लॅपटॉपसमोर मधल्या खुर्चीत बसवलं. "सिंपल आहे. 'हो' म्हण, बाकी मी हँडल करतो. आणि तुझा व्हिसा आमच्या स्पॉन्सरशिपवर आहे, हे विसरू नकोस."

"सर, हे जरा टू मच होतंय," पुष्कर पुटपुटला.

"तू म्यूटवर राहा."

पडद्यावर मोहाच्या झाडाखाली गाव जमलं होतं. एक म्हातारी पुढे सरकली. "पोरी, आमच्या रानातून ही लाईन तूच नेली का?"

श्यामला चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"नाही, आजी. मी आखलेली वाट वरच्या उघड्या माळावरून जाते. ती लांब पडते म्हणून यांनी बदलली. मला विचारलंसुद्धा नाही."

शशिधरने झडप घालून आवाज बंद केला, पण आपल्याच बाजूचा. म्हातारीचा चालूच होता. "वीज आम्हाला बी पाहिजे, सायेब. पण वाट आमची पोरगी दाखवील. नाही तर खांब उभा राहणार नाही."

त्याने लॅपटॉप मिटला. "उद्याच तुझी स्पॉन्सरशिप काढतो. कारण काय द्यायचं ते मी बघीन. इथलं बाहेर कोण सांगणार आहे?"

पुष्कर फोनमध्ये बघत राहिला, अजय खिडकीबाहेर. अक्षया कोट घेऊन निघून गेली.

"तरी म्हणत होते, आत घेऊ नका," सासूबाई म्हणाल्या.

श्यामलाने ट्रे खाली ठेवला. "मी सांगेन, अहो. तुमची धमकी मी ऐकली आहे."

"वेड लागलंय का तुला? कुठे निघालीस?"

ती चपलांवरच धावली. अक्षया बसस्टॉपवर भेटली.

"वकिलाला पुरावा लागेल, वहिनी," अक्षया म्हणाली. तिने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "नंतर तुम्हाला त्याच घरात जायचंय. बघा हं."

"विचार."

"धमकी कुणी दिली? पूर्ण नाव सांगा."

लग्नातल्या उखाण्यानंतर श्यामलाने ते नाव चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. बसस्टॉपवर माणसं होती. तिने ते आडनावासकट घेतलं.