चष्मेवाल्यांची पहिली अंडी

थोरलीचा पिंजरा म्हणजे काही खिडकीत टांगायचा पिंजरा नव्हे. घरामागची सबंध गॅलरीच तिच्या नवऱ्याने जाळी मारून बंद करून दिली होती. आत माणूस ताठ उभा राहील एवढी. तिथे तिचे झेब्रा फिंच, मुठीत मावणारे पट्टेरी पक्षी, आणि आणखी दोन-तीन जातींची पाखरं बारा वर्षं नांदत होती. पडदे शिवायचं तिचं मशीन गॅलरीच्या दाराशीच असे. पाय मशीनवर आणि डोळा जाळीत, असा तिचा दिवस जायचा.

त्या गॅलरीत तिचा एक कायदा होता. जोडीतला एक पक्षी गेला, की उरलेला त्याच दिवशी बाहेर, स्वयंपाकघरातल्या छोट्या पिंजऱ्यात. त्याच्या जातीचा जोडीदार मिळेपर्यंत मुक्काम तिथेच. कारण एकटा राहिलेला पक्षी दुसऱ्या जातीशी सूत जमवतो, आणि मग जी पिल्लं होतात ती ना धड इकडची ना धड तिकडची. कुणाला द्यायची झाली तर काय सांगून द्यायची? बारा वर्षांत तिच्याकडे असं एकही पिल्लू झालं नव्हतं. पक्ष्यांचा दुकानदार गिऱ्हाइकांना म्हणायचा, "शंका असेल तर पडदेवाल्या बाईंना विचारा." हे कानावर आलं, की त्या दिवशी भाजीत मीठ अगदी बरोबर पडायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. हसरी, बोलकी, आणि प्रत्येक गोष्ट विचारून करणारी, त्यामुळे तिच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. दुसऱ्या वर्षी तिच्या डॉक्टरीणबाईंनी घर बदलताना तिला एक जोडी दिली. आउल फिंच. पांढराशुभ्र चेहरा आणि त्याभोवती काळी गोल रेघ.

"जाऊबाई, यांना तुमच्यात घ्याल का?" धाकटीने विचारलं.

"घेऊ की. एवढी गॅलरी आहे," थोरली म्हणाली. तोंडाने म्हणाली.

त्या दिवसापासून गॅलरीशी येणारा प्रत्येक जण आधी त्या दोघांपाशी थांबू लागला. घरात त्यांचं नाव पडलं चष्मेवाले. ज्या नवऱ्याला बारा वर्षांत नर कुठला आणि मादी कुठली हे कळलं नव्हतं, तो चहाचा कप घेऊन जाळीला नाक लावून उभा राहायला लागला.

"काय रुबाब आहे बघ! चष्मा लावून बसलेत, मास्तरांसारखे."

"माझ्या पक्ष्यांना कधी मास्तर म्हणाला नाहीत."

"तुझे काय, घरचेच. त्यांना काय म्हणायचं?"

थोरलीने मशीन असं दामटलं, की पडद्याची शिवण दोन बोटं वाकडी गेली. ती उसवताना तिच्या मनात आलं, आपण पन्नाशीच्या बाईने दोन पाखरांवर जळावं? पण जळत होती खरी. धाकटी जाळीतून शीळ घाली आणि चष्मेवाले सरकत सरकत तिच्याजवळ येत, तेही दिसे. थोरलीचे पक्षी तिच्याजवळ यायचे ते राळ्याचं कणीस पाहून.

त्यातून त्या वर्षी तिची जुनी मादी, माई, अंड्यांवर यायचं नाव घेत नव्हती. माईचा नर दिसायला देखणा, नारिंगी गालांचा, सदा नटलेला; त्याला सगळे नवरदेव म्हणत. नवरदेव गवत आणून टाकी आणि माई त्याच्याकडे पाठ करून बसे. तिकडे दुसऱ्या टोकाच्या लाकडी खोक्यात चष्मेवाल्यांनी मात्र घर भरायला घेतलं होतं.

अशातच धाकटी दवाखान्याच्या शिबिरासाठी चार दिवस परगावी गेली. तिची रिक्षा वळली, आणि थोरलीने चष्मेवाल्यांतला नर पकडून छोट्या पिंजऱ्यात घातला.

त्याला काही झालं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की हिच्या पक्ष्यांनी माईच्या आधी अंडी घालू नयेत. चार दिवस इकडचे तिकडे झाले म्हणजे त्यांची लय मोडेल, तोवर माईचं जमेल. एकट्या मादीला आत सोडू नये, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण 'चार दिवसांत काय होतंय' असं ती जन्मात पहिल्यांदाच म्हणाली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "माझे चष्मेवाले काय म्हणतात?"

"नर जरा अंग फुगवून बसलाय. वेगळा ठेवलाय, विश्रांतीला."

"बरं झालं बाई तुम्ही आहात. मला कळलंसुद्धा नसतं."

विश्रांती घेणारा नर तेव्हा अख्खं कणीस संपवत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने पडद्याच्या काठावरून मान वर केली. चष्मेवाली फांदीवर एकटी होती आणि नवरदेव तिच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत गात होता. चष्मेवालीने अंग खाली घेतलं, शेपूट थरथरवली. पुढचं व्हायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागला. माई खालच्या दांडीवर एकटीच होती. चोच पिसांत खुपसून.

"मेल्या!" थोरली ओरडली, आणि ओरडल्यावर तिला कळलं की शिवी चुकीच्या माणसाला दिली. तिने धावत जाऊन नर आत सोडला. त्याने सरळ आपल्या मादीची बाजू गाठली, जसं काही घडलंच नाही.

धाकटी परत आली, आणि दोन दिवसांनी खोक्यात पहिलं अंडं दिसलं. रोज एक याप्रमाणे चार झाली. धाकटीने दवाखान्यातलं, पेशंटला पुढची तारीख लिहून देतात ते कार्ड आणून जाळीला अडकवलं. त्यावर लिहिलं होतं : 'पेशंट चार. तारीख :' आणि पुढे कोरी जागा.

"पिल्लं बाहेर यायची तारीख तुम्ही सांगा, जाऊबाई. त्यातलं तुम्हालाच कळतं."

थोरलीच्या बटणांच्या डबीत प्लॅस्टिकची खोटी अंडी होती. संशय आला की खरी काढून तीच ठेवायची, हा तिचा जुना शिरस्ता. मादी दोन आठवडे बसते, कंटाळते, उठते. बदलायची तर आजच. एकदा ऊब लागून आत जीव धरला, की हात लावणं जिवावर येतं. कुणाला काही कळणारही नव्हतं. पहिलटकरणीचं असं होतं, म्हणून सांगता आलं असतं. धाकटी हिरमुसली असती आणि पुन्हा म्हणाली असती, बरं झालं तुम्ही आहात. तिने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पण आभार!

"तारीख लिहू नकोस," थोरली म्हणाली.

"का हो?"

"अंडी बहुतेक नवरदेवाची आहेत."

धाकटी हसली. मग थोरलीच्या तोंडाकडे बघून थांबली.

"तुझा नर आजारी नव्हता. मीच काढला होता बाहेर. तू गेल्या गेल्या."

"पण का?"

थोरली मांडीवरच्या पडद्याचा एक दोरा ओढत राहिली. "तुझ्या पक्ष्यांची अंडी आधी नको होती मला. माईच्या आधी. सगळे त्यांनाच बघतात."

"म्हणजे मी तिकडून तुमचे आभार मानत होते..."

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेतलेत!"

"घेतले."

"दवाखान्यात मी सांगत सुटलेय, आमच्या जाऊबाई म्हणजे पक्ष्यांच्या डॉक्टर. डॉक्टर!" धाकटीचा आवाज फाटला. "वैरीणसुद्धा आधी दोन शब्द भांडली असती. मला म्हणायचं होतंत, तुझे पक्षी ने तुझ्या खोलीत. नेले असते मी."

गॅलरीत पक्ष्यांचा किलबिलाट चाललाच होता.

"नक्की त्याचीच आहेत?" धाकटीने खोक्याकडे बघत विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. दोन्ही जातींची अंडी पांढरीच. पिल्लांना पिसं फुटली की कळेल."

"मग फुटू देत."

"आणि फुटल्यावर? वेगळी दिसली, तर त्यांना ठेवशील कुठे, जोडी कुणाशी लावशील?"

धाकटीने कार्ड जाळीवरून काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "तुमचीच असती तर काय केलं असतंत?"

"बदलली असती."

"मग बदलू. पण तुम्ही हात लावायचा नाही. मी करणार. तुम्ही बॅटरी धरा फक्त."

थोरलीने डबी दिली आणि खोक्याच्या तोंडाशी बॅटरी धरली. चष्मेवाली दाणे टिपायला खाली उतरली होती. आत गवताच्या वाटीत चार अंडी. तिला वाटलं, धाकटी घाईघाईने उचलेल, रडेल, एखादं फोडेल. धाकटीने तसं काही केलं नाही. तिने खोटी अंडी आधी दोन्ही तळव्यांत धरली आणि हळू फुंकर घालत राहिली.

"काय करतेस?"

"गार लागतील ना तिला. एकदम गार लागली तर घाबरेल."

बारा वर्षांत थोरलीने कितीदा अंडी बदलली होती. ही खोटी अंडी ऊन करून ठेवावीत, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. आणि हिला हे कुणी शिकवलेलंही नव्हतं.

तिने बॅटरी नीट धरली. इतकं सगळं होऊनसुद्धा तिच्या पोटात बारीकसं दुखलंच.