भुरीची कोरडी जागा

धोंडाबाईचं म्हणणं खोटं ठरलेलं सणसरात कुणी पाहिलं नव्हतं. तसं दोन-चार वेळा ठरलंही होतं, पण ते तिला जाऊन सांगायचं कुणी? म्हैस आज व्यायची नाही असं ती म्हणाली आणि म्हैस व्याली, तर घाई म्हशीनं केली. बाई अंगानं किरकोळ, पण एकदा कमरेवर हात ठेवून बोलायला लागली की गावातले आडदांड गडीसुद्धा दोन पावलं मागं सरून ऐकत.

पाटाच्या खालच्या अंगाला तिचा पानमळा होता. शेवरीच्या सावलीत चढलेले विड्याच्या पानांचे वेल, भुसभुशीत माती आणि चहूकडून कूड. पानमळ्याचे नियम देवघराचे. पायताण कुडाबाहेर काढायचं, अंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, आणि बाई बाहेरची असली तर चार दिवस त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. विटाळ झाला की वेल मरतो हे त्या मुलखात शेंबडं पोरही सांगत असे. धोंडाबाईनं हे नियम पंचवीस-तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळले होते, दुसऱ्यांनाही पाळायला लावले होते.

वेलांना पाणी पाजायचं काम मात्र ती कुणाला देत नसे, नवऱ्यालाही नाही. तिचं माहेर इंदापूरच्या पलीकडचं, कोरडवाहू. अंघोळीचं पाणी धुण्याला आणि धुण्याचं पाणी तुळशीला, अशा घरात ती वाढली होती. लग्न होऊन सणसरला आली त्या दिवशी पाटात पाय सोडून बसली ती उठेचना. सासूला हाका मारत यावं लागलं होतं. तेव्हापासून तिला तहानलेलं काही बघवत नसे. पाटाची पाळी आली की मळा तुडुंब भरायचा, पाळी नसली की विहिरीवर मोट जुंपायची. मातीचा वरचा पापुद्रा जरा वाळलेला दिसला की हिच्या घशाला कोरड पडायची. नवरा कुंडलिक एकदा भीत भीत म्हणाला होता, "अगं, अति तितं माती." त्यावर तिनं त्याला ऐकवलं होतं, "तुमी पाटाच्या कडंला जल्मलात. तुमाला पाण्याची किंमत काय कळायची?" कुंडलिकानं कानाला खडा लावला आणि तो परत त्या विषयात पडला नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि पानमळ्याच्या खालच्या ओळींतले वेल माना टाकायला लागले. आधी पानं पिवळी पडली, मग देठ गळाले, मग बुंधे काळे पडले. आज इथला वेल गेला, उद्या त्याच्या शेजारचा. धोंडाबाईनं शेणाचं पाणी घातलं, राख टाकली, नारळ फोडला, आणि रोजचं पाणी तर होतंच. वेल मरायचे थांबेनात. तिनं निदान केलं ते एका शब्दात.

"इटाळ," ती म्हणाली.

आता विटाळ म्हटला की तो करणारं माणूस लागतं. आणि ते माणूस धोंडाबाईला घरातच सापडलं. एका सकाळी उजाडता उजाडता ती कुडाशी आली तर तिची सून रतन हातात खुरपं घेऊन पानमळ्यातून बाहेर पडत होती. रतन त्या दिवसांत बाहेरची होती. गोठ्याच्या कडेला वेगळी बसत होती, वेगळं जेवत होती.

रतन या घरात येऊन वर्ष झालं होतं. आपल्याच कोरड्या मुलखातली, कष्टाळू पोर म्हणून धोंडाबाईनं स्वतः पसंत करून आणलेली. मुलगा दत्तोबा पानांच्या करंड्या घेऊन बारामतीच्या बाजाराला जायचा. त्याच्या मागं घरात या दोघीच राबायच्या, आणि खरं सांगायचं तर धोंडाबाईला ही सून फार आवडत होती. म्हणूनच तिला राग जास्त आला.

"आत गेली हुतीस?"

"व्हय, आत्याबाई." रतननं मान खाली घातली, पण शब्द गिळले नाहीत. "भुरीची घाण काढाय गेले हुते."

भुरी म्हणजे घरातलं मांजर. घरामागं राखेचा ढीग होता तोवर भुरी तिथं उकरून आपला कार्यभाग उरकायची, वर राख लोटायची आणि मिशा पुसत घरी यायची. कुणाला पत्ता लागत नसे. दिवाळीच्या झाडलोटीत धोंडाबाईनं तो ढीग उचलून उसात टाकला. भुरीची जागा गेली. मांजराला मऊ, कोरडी माती लागते; तिनं शोधत शोधत पानमळा गाठला. रतनच्या ते ध्यानात आलं, आणि सासूला कळलं तर मांजर पोत्यात घालून पाटापलीकडं जाईल हेही ध्यानात आलं. तेव्हापासून ती रोज झुंजुमुंजू असताना गुपचूप जायची आणि भुरीनं झाकलेलं उकरून बाहेर टाकायची. बाहेरची असतानाही गेली, कारण मांजर काही चार दिवस थांबत नाही.

"म्हंजे मांजराचाबी इटाळ आन् तुजाबी," धोंडाबाई म्हणाली. "येल मरतील न्हाय तर काय?"

"मी खालच्या वळीला गेलेच न्हाय," रतन म्हणाली. "भुरी वरच्या अंगालाच जाती."

"पानमळा एक हाय. वर काय आन् खाली काय?"

एवढ्यावर धोंडाबाई थांबली असती तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण पोटात ठेवायचं तिला ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी पाटावर धुणं घेऊन गेली आणि धुण्याच्या दगडांवर बसलेल्या सगळ्या बायांसमोर तिनं ते सांगून टाकलं: आमच्या सुनंनं विटाळात पानमळ्यात पाय घातला, वेल त्यामुळं गेले, आता तिला माहेरी धाडणार, मळ्याची शांत करणार, मग बघू. चंद्राबाई म्हणून एक शेजारीण होती, तिला तर सांगायचीही गरज नसे; ती हवेतून उचलायची. दिवस मावळेपर्यंत साऱ्या गावात झालं. सणसरात पानमळे घरोघर होते आणि बाईच्या जातीला कामच ते. जिच्या पायानं वेल मरतात अशी बोलवा झाली, तिला उद्या कोण आपल्या कुडाच्या आत घेणार? माहेरी गेली तरी हे बोलणं तिच्या आधी तिथं पोचणार. रतनला हे सगळं कळत होतं. ती रडली नाही. तिनं आपली लुगडी बांधून ठेवली आणि बारामतीहून आलेल्या दत्तोबाला वाढायला घेतलं. दत्तोबानं आईकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि त्यात घास घातला.

इंदापूरच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर सांगावा गेला, आणि रतनचा थोरला भाऊ गेणू बैलगाडी घेऊन आला. सकाळची वेळ. रतन गाडीत बसली. गेणूनं एकदाच विचारलं, "तात्या, आमच्या पोरीचं काय चुकलं?" कुंडलिक खाली वाकून गाडीच्या चाकाला लागलेली माती खरवडायला लागला. धोंडाबाईनं उत्तर द्यायचं टाळलं नसतं, पण तिला दुसरंच काम होतं. मांजरही याच गाडीतून घालवायचं असं तिनं ठरवलं होतं आणि भुरीचा कुठं पत्ता नव्हता. ती रिकामं पोतं काखेत मारून पानमळ्याकडं निघाली.

कुडाशी पायताण काढलं, दाराला हात जोडले आणि ती आत शिरली. भुरी खालच्या ओळीतच होती. धोंडाबाईनं पाहिलं आणि एक ढेकूळ उचललं. आता नेमकी घाण करताना सापडणार होती चोरटी. या गडबडीत दोन दिवस पाणी चुकलं होतं, त्यामुळं वरून माती वाळलेली, पांढरट दिसत होती. भुरीनं पुढच्या पायानं दोनदा उकरलं, थांबली आणि पाय झटकला. पुन्हा झटकला. चिखल लागल्यावर झटकतात तसा. मग चार वेल सोडून दुसरीकडं गेली, उकरलं, वास घेतला, पाय झटकला. ढेकूळ हातात घेऊन धोंडाबाई उभीच राहिली. कोरड्या मातीत हे मांजर पाय कशाला झटकतंय, हे तिला कळेना.

भुरी मेलेल्या वेलांची सगळी ओळ अशी चाचपत गेली आणि कुठंही बसली नाही. मग ती चढावर, वरच्या अंगाला गेली. तिथं पाण्याचा जोर पोचत नसे, धोंडाबाईला ती ओळ नेहमी उपाशी वाटायची. भुरीनं तिथं मन लावून खड्डा केला, बसली, उठली, वास घेतला, माती ओढली. परत वास घेतला, परत माती ओढली. आपली घाण नीट झाकली गेल्याची खात्री झाल्याशिवाय ती हलली नाही. तिच्या डोक्यावर वेल हिरवेगार होते. हाताएवढी पानं, एकाला डाग नाही. आणि बुंध्याशी रतनच्या खुरप्याच्या खुणा जागोजाग.

धोंडाबाई खाली बसली. तिनं ढेकूळ टाकलं आणि मेलेल्या वेलाच्या बुडाशी बोटं घातली. पेरभर माती कोरडी होती. त्याखाली बोटं गपकन आत गेली आणि थंड रेंदा लागला. ती उकरत गेली, मांजरासारखीच दोन्ही हातांनी. मूळ हातात आलं ते काळं, मऊ, कुजक्या वासाचं. शेजारचं उकरलं, तेही तसंच. वरच्या ओळीत जाऊन उकरलं तर माती मोकळी, मूळ पांढरं आणि चिवट.

तिला रडू आलं. विटाळ वरच्या ओळीत झाला होता आणि वेल खालच्या ओळीत मेले होते. खालच्या ओळीत तिच्याशिवाय कुणीही जात नव्हतं, आणि ती जात होती ती पाणी घेऊन. आयुष्यभर ज्या पाण्यासाठी जीव टाकला तेच तिनं आपल्या हातानं वेलांच्या नाकातोंडात घातलं होतं. आणि ती सांगत सुटली होती सुनेचं.

पण रडत बसायचा धोंडाबाईचा पिंड नव्हता. ती उठली, कोपरापर्यंत चिखलानं माखलेले हात तसेच घेऊन बाहेर आली आणि गाडीसमोर उभी राहिली. पोतं आतच राहिलं होतं.

"रतन, उतर खाली," ती म्हणाली. "येल माझ्या पाण्यानं मेल्याती. मुळ्या कुजल्या. तुजा कायबी दोष न्हाय."

कुंडलिकानं मान वर केली. बायकोच्या तोंडून असलं वाक्य त्यानं संसारात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

रतन गाडीतून हलली नाही.

"आत्याबाई, तुमी म्हनलासा, मला पटलं," ती म्हणाली. "पर माझ्याम्होरं सांगून काय उपेग? मला ते ठावंच हुतं. जितं सांगितलंसा तितं सांगा. तितं न्हाय सांगितलं तर मी हितं ऱ्हाऊन करू काय? रोज कुणाकुणाच्या तोंडाला हात लावू?"

एखाद्या सुनेनं सासूला असं बोलणं म्हणजे त्या काळी मोठीच गोष्ट. गेणू घाबरला आणि बैलांचे कासरे आवळून बसला. धोंडाबाईला राग यायला हवा होता, पण त्याऐवजी तिला वाटलं, पोर आपणच निवडून आणलेली, उगाच नाही आणली.

"गाडी पाटावर घे," तिनं गेणूला सांगितलं आणि ती पुढं चालायला लागली.

धुण्याच्या दगडांवर नेहमीच्या बायका होत्या. चंद्राबाई होतीच. पुढं चिखलानं भरलेली धोंडाबाई आणि मागं गाडीत बसलेली सून पाहून सगळ्यांचे हात थांबले. धोंडाबाईनं नेहमीसारखेच दोन्ही हात कमरेवर ठेवले. लुगड्याला चिखलाचे पंजे उमटले.

"आयका," ती म्हणाली. तिचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात होता. "त्या दिशी मी हितं जे सांगितलं ते खोटं हुतं. माज्या पानमळ्याला इटाळ झाला न्हाय. मी पाणी लई पाजलं, मुळ्या कुजल्या, येल मेले. मांजराला कळलं, मला कळलं न्हाय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चंद्राबाई मात्र सोडणारी नव्हती.

"पर धोंडाबाई, बाहीरची असताना ती आत गेलीच हुती न्हवं? तूच म्हनलीस."

रतननं गाडीत डोळे मिटले. हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं, आणि यावर सासू काय बोलते त्यावरच तिचं सगळं होतं. सासूला घसरायला एवढी जागा पुरे होती.

"गेली हुती," धोंडाबाई म्हणाली. "ती गेली त्या वळी हिरव्यागार हायत, येऊन बघ. आन् मी अंघोळ करून, अनवाणी, देवाचं नाव घेऊन गेले, त्या वळी मेल्या. आता पायगुणाचं बोलायचं आसंल तर माझ्याबद्दल बोल. गावभर बोल. मी नगं म्हनत न्हाय."

चंद्राबाईनं हातातलं लुगडं उगाचच पुन्हा पाण्यात बुडवलं. धोंडाबाई पाटाच्या कडेला बसून हात धुवायला लागली, आणि चिखल वाळल्यामुळं तो काही केल्या निघेना. रतन गाडीतून उतरली. ती पायऱ्या उतरून खाली आली, सासूशेजारी बसली आणि तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागली.

"दादा," मान न वळवता तिनं वर उभ्या असलेल्या भावाला सांगितलं, "बैलं सोड. जेवून जा."