दोन दिवसांच्या सह्या

वारज्यातल्या त्या शाळेत आम्रपालीबाईंनी टेबलावर लाकडी पट्टी आपटली आणि चौथीतली जरमीना बाकाखाली शिरली. वर्ग गप्प करायची आपल्याकडे हीच रीत, त्यात बाईंना वावगं ते काय वाटणार?

जरमीना काबूलची. गोळीबारातून जीव मुठीत धरून पळालेलं घर. बाई म्हणाल्या, "नाटकं पुरे," आणि तिला हाताला धरून ओढलं. पोर किंचाळली, वर्ग हसला. बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी दप्तर उचललं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

"बरं झालं, ब्याद टळली," म्हणत मुख्याध्यापक सर्जेराव बापलेकीला ऑफिसात घेऊन गेले आणि दाखला लिहायला बसले.

खिचडी शिजवणाऱ्या नसीमबानू दारातून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, गेल्या महिन्यात अशाच मुलांसाठी तुमचं ट्रेनिंग झालं ना, शनिवार पेठेत? तिथं काय शिकवलं?"

बाई काय सांगणार, कपाळ? ट्रेनिंग दोन दिवसांचं. पहिल्याच सकाळी सगळ्यांनी दोन्ही दिवसांच्या सह्या ठोकल्या, चहा-सामोसा झाला आणि अकराच्या आत हॉल रिकामा. बाई तिथून मंडईत गेल्या. मटार कोवळा मिळाला. शिकवायला आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिली. आणि शाळेच्या फायलीत प्रमाणपत्र मात्र झोकात लागलं!

"सगळेच करतात हो," बाई पुटपुटल्या.

"मी न शिजवता सही केली तर पोरं उपाशी राहतील," नसीमबानू म्हणाल्या. "तुम्ही न शिकता केलीत. आता उपाशी कोण राहणार, तेवढं बघा."

बाईंना ते झोंबलं. त्यांनी कपाटातली ट्रेनिंगची पुस्तिका काढली. प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा निघालेलं नव्हतं. पहिल्याच पानावर होतं: अचानक मोठा आवाज करू नका. मूल लपलं तर ओढू नका, जवळ जाऊन बसा. वाचायला मिनिटभरही लागलं नाही.

बाई ऑफिसात गेल्या आणि जरमीनासमोर फरशीवरच बसल्या. "चूक माझी आहे, हिची नाही," त्या वडिलांना म्हणाल्या. "मला एक संधी द्या."

वडील म्हणाले, "हिच्या मोठ्या बहिणीची शाळा तिकडे बंदूकवाल्यांनी बंद केली. हिची मी माझ्या हातानं बंद करायला निघालो होतो."

त्यांनी दप्तर खाली ठेवलं. बाईंनी वर्गातून आणलेली ती लाकडी पट्टी जरमीनाच्या दप्तरात घातली. "आता ही तुझ्याकडेच राहू दे."

मग त्यांनी कागद घेऊन वरच्या ऑफिसला लिहिलं, की आपली सही खोटी आहे, प्रमाणपत्र रद्द करून पुन्हा ट्रेनिंगला पाठवावं.

"अहो, आपण सगळेच अडकू यात," सर्जेराव म्हणाले.

"मग सगळेच जाऊ," बाई म्हणाल्या. "या वेळी दोन्ही दिवस."

वाचकहो, बाईंचं सोडा. आपण न शिकता कुठे कुठे सह्या केल्यात, ते एकदा आठवून बघा. त्या सहीखाली कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं.