सुरमईला धुराचा वास

वेसाव्याच्या नंदकिशोरला व्हॅनचं वय विचारलं की तो विषय बदलतो. या वर्षी मात्र व्हॅननेच तोंड उघडलं. चालू केली की बोनेटखालून फटफट आवाज आणि धूर. धूरही बाहेर जाईल तर शपथ. सगळा आत, मागच्या टोपल्यांवर.

त्याची बायको कमळ अंधेरीच्या बाजारात मासळी विकते, सासूच्या जागेवर बसून. गुडघे गेल्यापासून तिला टेम्पोत चढता येत नाही आणि रिक्षावाले टोपल्या बघूनच मान फिरवतात. उरली ही व्हॅन. आता गिऱ्हाईक सुरमईचे कल्ले उघडतं, नाक लावतं आणि मासा परत ठेवतं. परवा एकीने विचारलं, "मावशी, समुद्रात पेट्रोल सोडलंय का?" कमळ हसली, पण मासळी बर्फासकट घरी आली. असं चाललं तर तिला बसणं बंद करावं लागेल, आणि त्या बाजारात रिकाम्या जागेवर शेजारणीचा पाट लगेच सरकतो.

म्हणून दोघं मेकॅनिक यज्ञेशकडे गेली. धुराचा पाइप इंजिनाला ज्या स्टडांवर, म्हणजे इंजिनात रोवलेल्या बोल्टांवर, आवळलेला असतो त्यातला एक आधीच तुटला होता, बाकीचे गंजून जाम. यज्ञेशने बोटाने पांढरी पापडी खरवडली.

"नंदूशेठ, हे मीठ कुठून आलं?"

"दर नारळी पुनवेला दर्याचं पाणी घालतो. बाबा होडीच्या इंजिनाला घालायचे. गाडी काय सावत्र आहे?"

"थेट इंजिनावर?"

"मग काय टायरवर? तांब्याभर."

"बादली," कमळ स्टुलावरून म्हणाली. "यांची भक्ती मोठी."

यज्ञेश हसला. मग स्टडांना तेल पाजून, गॅसच्या ज्योतीने तापवून, हलके ठोके देत बसला. पहिला स्टड निघाला. नंदकिशोरने हात जोडले. देव कुठला ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्याला पाना लावला, आणि सुपारी फुटावी तसा आवाज झाला. स्टड आतच मोडला. तो बाहेर ओढायला भोक पाडून यज्ञेशने उलट्या आट्यांचं हत्यार घुसवलं, तेही आत तुटलं.

"वाट लागली," यज्ञेश म्हणाला. "हे हत्याराचं कडक पोलाद आहे, याला ड्रिल लागत नाही. इंजिनाचं हेड, हा वरचा भाग, उतरवून मशीनवर न्यायला लागेल. आणि खाऱ्या पाण्याने हेडच पोखरलं असेल, तर या मॉडेलचं दुसरं मिळत नाही. भंगारात शोधू."

"मिळेल ना रे?"

"बघू."

यज्ञेशचं 'बघू' म्हणजे काय, हे गल्लीत सगळ्यांना कळतं. नंदकिशोरलाही कळलं असावं. त्याने उघड्या बोनेटच्या कडेला हात टेकला.

"गोडं पाणी घातलं असतं तर?" त्याने विचारलं.

यज्ञेश हत्यारं पुसत राहिला.

कमळने मोबाइल काढून बाजारातल्या शेजारणीला फोन लावला. "शेवंती, उद्यापासून माझ्या जागेवर तुझ्या सुनेला बसव... हो गं, गाडी होईल. होईल ना. तोवर."

तिने फोन ठेवला.

"जागा परत देईल म्हणाली?" नंदकिशोरने विचारलं.

"मी विचारलंच नाही," कमळ म्हणाली, आणि उठायला त्याच्याकडे हात मागितला.