लॅकरखालचा हात

आमच्या कारखान्यात माणूस कामावर घ्यायचा तर आधी त्याचा हात बघत. ज्योतिषी बघतो तसा नव्हे. सासरे एक गुळगुळीत घासलेली लोखंडी पट्टी पुढे करत, तिच्यावर तळवा दाबून धरायला लावत आणि ती पट्टी ओलसर फडक्याखाली झाकून ठेवत. दुसऱ्या दिवशी पट्टी स्वच्छ निघाली तर त्या माणसाने तयार मालाला हात लावायचा. पाच बोटं गंजून उमटली असतील तर त्याची रवानगी धुण्याच्या हौदावर. काहींच्या घामातच खार जास्त असतो, त्यात त्यांचा दोष नाही. पण धातूला ते कोण समजावणार, असं सासरे म्हणायचे.

कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. तिथे मोटारींचे जुने गिअरबॉक्स उघडून नव्यासारखे करत. आतली दातेरी चाकं बसवणं माझ्या नवऱ्याकडे, आणि बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच थोरल्या जाऊबाईंकडे. कवच धुऊन घासून उजळलं की त्यावर पारदर्शक लॅकर मारावं लागे, नाहीतर थोड्याच महिन्यांत त्याच्यावर बुरशीसारखे पांढरे डाग येत. जाऊबाई जोडाच्या कडांना कागदी पट्टी चिकटवत, भोकाभोकात रबरी बूच बसवत, थिनरच्या फडक्याने शेवटचं पुसून घेत आणि मगच फवारा उचलत. त्यांचा हात इतका कोरडा, की हिच्या अंगात रक्त नसून पावडर आहे, अशी सासरे थट्टा करत.

थोरले दीर माझ्या लग्नाआधीच गेले होते. मूलबाळ नव्हतं. जाऊबाईंच्या भावाच्या बायकोने तेव्हाच सांगून टाकलं होतं की आमच्याकडे जागा नाही. इथे त्यांना कुणी जा म्हणालं नाही ते त्या हाताच्या जोरावर. हे त्यांना माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, आणि मलाही इथे आल्यावर लवकरच कळलं.

काम मला त्यांनीच शिकवलं. माझा फवारा वेडावाकडा फिरला की म्हणत, "झाडांना पाणी घालतेयस का गं? सरळ रेघेत ने."

मग एका वर्षी त्यांची भूक वाढली. दोनदा वाढून घेत, तरी अंग वाळत चाललं. मनगटावरचं घड्याळ सरकून कोपराला टेकायचं. खाल्लेलं जातं कुठे, पायाला भोक आहे का, असं सासूबाई विचारत. थंडीतही जाऊबाई पंखा लावून बसत. कपबशी उचलली की खडखडे. एक दिवस शेडच्या कोपऱ्यात त्या तुरटीच्या पाण्यात दोन्ही हात बुडवून बसलेल्या दिसल्या. तळव्यांना सारखा घाम सुटत होता.

"ताई, डॉक्टरला दाखवू या का?" मी विचारलं.

"तो म्हणेल, हे काम सोडा. मग मी या घरात कोण?"

तेव्हापासून शेवटचं पुसणं मी करायला लागले. पण त्यानंतरही त्यांना कवच हातात धरावं लागेच. मोजे घालून पाहिले. सुती मोज्यांचे तंतू लॅकरमध्ये चिकटत आणि रबरी मोजे थिनरने फुगून फाटत.

एक गिऱ्हाईक गिअरबॉक्स घेऊन परत आलं. चालायला उत्तम होता. पण कवचावर लॅकरच्या आत काळपट बोटं उमटली होती. वरून घासून काही उपयोग नव्हता. पाठोपाठ दुसरं गिऱ्हाईक आलं. रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी विषय काढलाच. हात बिघडला असेल तर आता भावाने बघावं, आपण काय धर्मशाळा उघडलीय का? माझा नवरा ताटात बघत राहिला. जाऊबाई सगळ्यांना वाढत होत्या, त्यांनी डाव खाली ठेवला नाही. सासरे म्हणाले, उद्या दोघींचे हात पट्टीवर घेऊ.

जाऊबाईंनी तुरटीने इतके हात धुतले की कातडीला भेगा पडल्या. तरीही पट्टीवरून तळवा उचलताना चिकट आवाज आला. सासऱ्यांनी तो ऐकला आणि पट्टी झाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. सासरे पाठमोरे बसून पॉलिश पेपरने पट्टी घासत होते. माझी पट्टी बाजूला लख्ख पडली होती. त्यांच्या हातातल्या पट्टीवर अजून अंगठा आणि करंगळी शिल्लक होती. माझी चाहूल लागली तरी ते थांबले नाहीत.

"कप ठेव आणि जा." मी वळले तसे म्हणाले, "या घरातून कुणी कुठे जाणार नाही."

दुपारी त्यांनी दोन्ही पट्ट्या सगळ्यांसमोर ठेवल्या. हात दोघींचे चांगले आहेत, थिनर भेसळीचं असणार, डबा बदला, असं सांगितलं. सासूबाई पट्ट्या उजेडात फिरवून फिरवून बघत बसल्या. जाऊबाईंना ते खरंच वाटलं. कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या. "बघ, तुरटीने गुण दिला," मला म्हणाल्या. त्या राहणार म्हणून मलाही बरंच वाटलं होतं. आता त्यांना काही झालंय असं म्हणायला घरात कुणाला कारण उरलं नाही.

त्या गेल्या त्या कामाच्या टेबलापाशीच. फवाऱ्याची हवा बराच वेळ सूं सूं करत राहिली, म्हणून मी बघायला गेले. अर्ध्या कवचावर लॅकर बसलं होतं.

डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यावरून बोट फिरवलं. गळ्यातल्या ग्रंथीचा आजार, हृदयाला झेपला नाही, म्हणाले. याला औषध होतं. त्यांनी विचारलं, हात थरथरत होते का, घाम यायचा का?

"हात चांगला होता तिचा," सासरे म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी ते एक लोखंडी पट्टी घेऊन माझ्याकडे आले. लोखंड वरवर घासलं तरी खार बारीक खड्ड्यांत राहतो. कपाटात पडल्या पडल्या पंजा परत उमटला होता, पाचही बोटांनिशी.

"याच्यावर लॅकर मार. पुसू नकोस."

"बाबा, गंजावर मारून ते टिकत नाही. आतल्या आत वाढत जातं."

"तुला कुणी विचारलंय?" आवाज चढलेला नव्हता. पट्टी टेबलावर ठेवत म्हणाले, "जितकं राहील तितकं राहू दे."

मी दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही लॅकर मारलं, सरळ रेघेत. त्यांनी ती पट्टी आपल्या बैठकीसमोर टांगली. पहिल्या वर्षी बोटं मोजता येत. मग ती एकमेकांत मिसळली, तळव्याचा नुसता डाग झाला, आणि सासरे अंथरुणाला खिळले तोवर पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी झाली होती. तरी ते तिच्याकडे तोंड करूनच पडून असत.

ती पट्टी आता माझ्याकडे आहे. माझी सून म्हणते, हा गंजका पत्रा टाकून द्या. एका कडेला लॅकर फुगून सुटलंय, तिथून तांबडी भुकटी गळते. बाकी सगळीकडे हात फिरवला तर अजून गुळगुळीत लागतं.