पुढच्या बैलांचा हिशेब

पूर्णेवरचा पूल अजून साहेबाच्या कागदावरच होता, म्हणून पलीकडं जायला एकच नाव. भाचीच्या लग्नातल्या पंगतीची गाडीभर वांगी घेऊन खुशालराव माळी सकाळपासून रांगेत अडकला होता.

बसल्याबसल्या त्यानं हेरलं, की नदीकाठचे बैल नावेत झटकन चढतात. डोंगराकडचे बैल मात्र पाणी पाहून अडतात, अन् तिप्पट वेळ खातात. मग पुढच्या बैलांची गावं विचारून तो बायकोला म्हणाला, "घाबरू नोको, सत्यभामा. ऊन त्या बाभळीवर आलं का आपला नंबर. भाजी टायमावर शिजते."

बाकीचेही विचारायला लागले, "खुशालराव, आमचा कवा?" तो सांगायचा अन् तसंच व्हायचं.

ऊन बाभळीवर आलं. खरंच त्याचा नंबर लागला. अन् त्याचाच बैल काठावर पाय रोवून उभा राहिला. गेल्याच बाजारी परतवाड्याहून आणलेला, डोंगराकडचा.

"साऱ्याईचे बैल पायले," सत्यभामा म्हणाली, "आपला कावून नाई पायला?"

खुशालरावानं शेपटी पिरगाळली, हात जोडले. बैल हलेना. पलीकडं बहिणीच्या मांडवाशेजारी चुली पेटल्या होत्या, नुसता धूर निघत होता.

मागचा गाडीवान ओरडला, "खुशालराव, आता आमचा कवा?"

"मले काय इचारता भाऊ," तो म्हणाला, "याले इचारा."